करकोच्यांची पिंजऱ्यातली पैदास: कामाचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

मी पशुवैद्य. पक्ष्यांची कामं जास्त करतो, म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतनं ‘सर, जरा नजर टाका’ म्हणत वर्षाला दोन-तीन प्रस्ताव माझ्याकडे येतात. विषय एकच असतो: दुर्मिळ होत चाललेल्या करकोच्यांची पैदास करायची. कागदांचा क्रमही ठरलेला. पहिल्या पानावर इनक्युबेटरचं कोटेशन, दुसऱ्यावर पिंजऱ्याचा नकाशा. पिल्लं मोठी झाल्यावर जाणार कुठे, हे शेवटून दुसऱ्या ओळीत तीन शब्दांत उरकलेलं: ‘योग्य अधिवासात सोडणे’.

काम याच्या बरोब्बर उलट दिशेनं करायचं असतं. खाली टप्पे त्याच क्रमानं दिलेत. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याचा खर्च करू नका.

टप्पा १: आधी शेत आणि पाणी, मग पक्षी

पहिला प्रश्न: हा पक्षी कमी कशानं झाला? उत्तर माहीत नसेल तर पिंजऱ्यात कितीही पिल्लं काढली तरी ती त्याच कारणानं मरणार.

जपानमधल्या तोयोओका शहराचं उदाहरण यासाठी नीट समजून घ्या. तिथला पौर्वात्य पांढरा करकोचा जागतिक पातळीवर धोक्यात आलेला. १९६५ मध्ये उरलेल्यांपैकी एक जोडी पकडून पैदासीला सुरुवात झाली. अंडी झाली, पण पिल्लं होईनात. मेलेल्या पक्ष्यांच्या अंगात शेतीच्या औषधांतला पारा सापडला. १९७१ मध्ये देशातला शेवटचा जंगली पक्षी तिथेच गेला. पुढे १९८५ मध्ये रशियातल्या खाबारोव्स्कहून सहा तरुण पक्षी आणले, त्यांच्यापासून १९८९ मध्ये पिल्लं झाली आणि पहिले पाच पक्षी मोकळे सोडले गेले ते २००५ मध्ये. मधली सोळा वर्षं नुसती पिल्लं वाढवण्यात गेली नाहीत. भातशेतीत औषधं कमी केली, हिवाळ्यात वाफ्यांत पाणी ठेवायला सुरुवात झाली, कालव्यातले मासे वाफ्यात चढतील अशा वाटा काढल्या. २००७ मध्ये मोकळ्या रानातल्या घरट्यातून पिल्लू उडालं ते या शेतांच्या जिवावर.

आता आपल्याकडे या. करकोचा हा उथळ पाण्यात, चिखलात, भाताच्या खाचरात चालत चालत खाणारा पक्षी. डोक्यावर गेलेल्या उसात तो शिरत नाही. पंचगंगेच्या काठानं शिरोळपर्यंत नजर टाका: हिरवंगार दिसतं, पण त्याच्या कामाची जागा म्हणजे तळ्यांचे काठ, बंधाऱ्यामागचं उतरतं पाणी आणि पश्चिमेकडची भातखाचरं एवढीच. म्हणून बारा महिन्यांची नोंद करा:

- ठरलेल्या पाच-सहा जागी महिन्यातून एकदा, एकाच मापाची जाळी तेवढ्याच वेळा टाकून मासे, बेडूक, खेकडे मोजणे. एप्रिल-मेचे आकडे सर्वांत महत्त्वाचे.
- घरट्याजोगी मोठी झाडं किती, कुणाच्या मालकीची, आणि मालक ती तोडायच्या बेतात आहे का.
- तळ्यावरून किंवा खाचरावरून जाणाऱ्या उच्चदाब तारा. मोठ्या पंखांच्या पक्ष्याला हा सगळ्यात मोठा सापळा.

ही नोंद वर्षभर केली की निम्मे प्रस्ताव आपोआप बाद होतात, आणि ते चांगलंच आहे. चित्रबलाकाला (हाही करकोचाच) इथे पिंजऱ्याची गरज नाही, घरट्याची झाडं टिकवण्याची आहे. आसामात हरगिला या दुर्मिळ, मोठ्या करकोच्यासाठी गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात कृत्रिम मचाणांवर पैदास झाली खरी, पण त्याआधी दादरासारख्या गावांत बायकांनी आपल्या परसातली घरट्यांची झाडं राखली, झाडांखाली जाळी बांधून वरून पडणारी पिल्लं झेलली. जाळीचा खर्च इनक्युबेटरच्या मानाने काहीच नाही.

थांबा आणि तपासा: ‘पक्षी कमी होण्याचं कारण दूर झालं आहे का?’ याला पुराव्यासह ‘हो’ म्हणता येत नसेल तर पुढे वाचा, पण पुढे जाऊ नका.

टप्पा २: परवानगी

हा टप्पा छोटा आहे, पण इथे लोक गोत्यात येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार जंगली पक्षी ही सरकारची मालमत्ता आहे. संस्था नोंदणीकृत असली, मळा स्वतःचा असला, हेतू सोन्यासारखा असला, तरी करकोचा पाळता येत नाही. पैदास करायची तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेल्या प्राणिसंग्रहालयाबरोबरच, आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीनं. ‘साहेब तोंडी हो म्हणालेत’ ही परवानगी नव्हे. तुमच्या संस्थेचं काम टप्पा १ आणि टप्पा ८ मध्ये आहे. मधलं काम मान्यता असलेल्या केंद्राचं. हे एकदा मनाला पटवून घेतलं की पुढचे बरेच रुसवे-फुगवे टळतात.

टप्पा ३: मूळ पक्षी किती आणि कुठले

‘दोन जोड्यांनी सुरुवात करू’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रस्तावात असतं. त्याचा हिशोब असा. मूळ पक्षी एकमेकांच्या नात्यातले नसतील तर रानातल्या आनुवंशिक विविधतेतला जो भाग सुरुवातीलाच हातचा जातो तो काढायला एकाला मूळ पक्ष्यांच्या दुपटीनं भागायचं. चार पक्षी असतील तर एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के, पहिल्याच दिवशी गेले. वीस असतील तर फक्त २.५ टक्के. चार पक्ष्यांच्या नातवंडांत भावा-बहिणींच्या जोड्या लावण्याची वेळ येते आणि अंडी पोकळ निघू लागतात.

वीस पक्षी रानातून पकडायचे असा याचा अर्थ नाही. पंख मोडल्यामुळे परत सोडता न येणारे, निरनिराळ्या जिल्ह्यांतून उपचाराला आलेले आणि इतर संग्रहालयांत असलेले पक्षी मिळून हा आकडा गाठायचा असतो. प्रत्येकाची वंशनोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. कुठे सापडला, कधी, कुणाचं पिल्लू. ‘नंतर लिहू’ म्हटलेलं कधीच लिहिलं जात नाही.

नर-मादी दिसायला सारखेच. नर किंचित मोठा असतो, पण डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. रक्ताच्या थेंबावरून किंवा ताज्या उपटलेल्या पिसावरून डीएनए तपासणी करून घ्या. दोन वर्षं ‘जोडी’ म्हणून सांभाळलेले दोन्ही नर निघाल्याचं मी पाहिलंय. त्या दोन वर्षांत पंचवीस गाड्या मासळी संपली असेल.

नवा पक्षी तीस दिवस वेगळा. विष्ठेची तपासणी, वजन, छातीचा आवाज. आणि एक खास कोल्हापुरी सूचना: पिंजऱ्यावर काम करणाऱ्या माणसाच्या घरी कोंबड्या असणारच. त्याला कपडे आणि चपला केंद्रावर बदलायला लावा. बर्ड फ्लू आणि राणीखेत दोन्ही चपलेच्या तळाला चिकटून येतात.

टप्पा ४: पिंजरा

पिंजऱ्याचा नकाशा माणसाच्या डोळ्यांना आवडेल असा काढला जातो. पक्ष्याच्या पायांनी विचार करा.

*जमीन.* सिमेंटचा कोबा नको. तळपायाला फोड येऊन सूज पायात चढते आणि पक्षी एका पायावर उभा राहायला लागतो. माती, त्यावर जाड वाळू, एका बाजूला उतरती, गुडघाभर खोल होणारी डबकी. पाणी दर दिवशी बदलता यायला हवं.

*जाळी.* बारीक तारेची राखी जाळी पक्ष्याला दिसत नाही. दचकून उडाला की चोच किंवा मान जाते. पहिले काही महिने जाळीला बांबूच्या पट्ट्या किंवा हिरवं शेडनेट लावा.

*पंख.* पक्षी उडून जाऊ नये म्हणून एका पंखाची पेरं कापलेले नर काही ठिकाणी पैदासीला घेतात. मादीच्या पाठीवर चढताना नराला दोन्ही पंख फडफडवून तोल सावरावा लागतो. तोल गेला की मीलन अर्धवट आणि अंडी पोकळ. पैदासीच्या नराचे दोन्ही पंख शाबूत हवेत, म्हणजे पिंजरा वरून बंद हवा.

*मचाण.* जमिनीपासून शक्य तितकं उंच, पिंजऱ्याच्या छताखाली पक्ष्याला मान ताठ करून उभं राहता येईल एवढी जागा सोडून. वर लोखंडी किंवा वेताची रिंग, त्यात काड्या. सगळं घरटं तुम्ही बांधून देऊ नका. निम्मं बांधा आणि उरलेल्या काड्या जमिनीवर टाका. काड्या उचलणं, नेणं, एकमेकांसमोर ठेवणं हा त्यांच्या जोडी जमण्याचा भाग आहे.

सावधान, पाचट (उसाचा वाळका पाला) आणि बगॅस (उसाचा चोथा): आपल्याकडे सगळ्यात स्वस्त मिळणारा कोरडा माल हाच. गोठ्यात चालतो म्हणून पिंजऱ्यात टाकला जातो. जूनच्या पहिल्या पावसात त्याच्यावर बुरशी धरते, आणि करकोच्यांच्या फुप्फुसांना बुरशीइतकं जीवघेणं दुसरं काही नाही. पक्षी खोकत नाही, ओरडत नाही. नुसता चोच किंचित उघडी ठेवून बसतो आणि शेपूट श्वासाबरोबर खालीवर होते. हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाचट नको, बगॅस नको, ओलसर पेंढाही नको. बाभळीच्या, आंब्याच्या वाळक्या काड्या वापरा आणि वर थोडा हिरवा पाला टाका.

टप्पा ५: जोडी जमवणे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि प्रस्तावांत याला एक ओळही नसते. ‘नर व मादी एकत्र सोडणे.’ कोंबडा-कोंबडीचा हिशोब आहे हा. करकोचा जोडीदार निवडतो, आणि नापसंतीही चोचीनं सांगतो. पौर्वात्य करकोच्यांत नरानं मादीला ठार केल्याचे प्रकार झालेत. फूटभर लांब टोकदार चोच आहे ती, विसरू नका.

क्रम असा ठेवा.

अ) शक्य असेल तर वयात येण्याआधीचे बरेच पक्षी एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवा आणि कोण कुणाशेजारी झोपतं ते लिहा. आपसांत जमलेली जोडी तुम्ही लावलेल्या जोडीपेक्षा केव्हाही चांगली.

आ) तसं जमत नसेल तर दोन शेजारी पिंजरे, मध्ये जाळी. किमान काही आठवडे. दोघांची खाण्याची भांडी जाळीजवळ सरकवत आणा.

इ) काय पाहायचं? करकोच्याला गळ्यातून फारसा आवाज नसतो, तो चोच वाजवतो. लाकडी टिपऱ्या पटापट आपटल्यासारखा कडकडाट. एकानं वाजवलं आणि दुसऱ्यानं मान मागे टाकून साथ दिली, तर गोष्ट पुढे सरकली. एकानं वाजवलं आणि दुसरा पिंजऱ्याच्या पार टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला, तर अजून वाट पाहा.

ई) एकत्र करताना जो जास्त दांडगा असेल त्याला दुसऱ्याच्या घरात सोडा. परक्या जागेत दांडगाही जरा दबकून असतो. सकाळी सोडा, दिवसभर माणूस बसवा, दोन खाण्याची भांडी, दोन मचाणं, आणि आडोशाला झावळ्यांचा पडदा.

नेहमीची चूक: संध्याकाळी पाच वाजता दोघांना एकत्र सोडून घरी जाणं. एका केंद्रात असं झालं तेव्हा रात्रपाळीचे मामा मला सकाळी म्हणाले, “सायेब, भांडाण रातभर चाललंय, आमाला वाटलं लगीन लागलंय.” मादीचा एक डोळा गेला. मामांचा काय दोष? कडकडाट प्रेमाचा की रागाचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. रागाचा कडकडाट एकतर्फी असतो, आणि त्याच्या मागोमाग धाव येते.

पहिला हंगाम, कधी दुसराही, नुसता जाईल. जोडी मोडू नका.

टप्पा ६: अंडी

जोडीनं घरटं धरलं, तीन-चार अंडी घातली, दोघं आळीपाळीनं बसताहेत. आता तुमचं काम लांब राहण्याचं. दुर्बिणीतून वेळा लिहा, मचाणावर चढू नका.

अंडी काढून इनक्युबेटरमध्ये घालायची दोनच कारणं: जोडी अंडी फोडते किंवा बसतच नाही; अथवा पहिली अंडी लवकर काढली तर जोडी दुसऱ्यांदा घालेल असा अनुभव आहे आणि पिल्लं वाढवायची तयारीही आहे. दुसऱ्या कारणासाठी काढलीत तरी पहिले काही दिवस अंडी पक्ष्याखालीच राहू द्या. आईबापाच्या उबेला अजून तरी मशीनची तोड नाही.

मशीन वापरायचंच असेल तर:

१. आठवडाभर रिकामं चालवा. तापमान ३७.५ अंशांच्या आसपास टिकतंय का, हे वेगळ्या थर्मामीटरनं तपासा. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका.

२. इन्व्हर्टर लावा आणि मुद्दाम वीज बंद करून रात्रभर चालतो का पाहा.

३. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं क्रमांक घाला, पहिल्या दिवशी वजन करा.

४. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात उजेडासमोर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे.

५. दर दोन-तीन दिवसांनी वजन. पिल्लू कवच टोचेपर्यंत अंड्याचं वजन साधारण १३ ते १५ टक्के उतरायला हवं. समजा अंडं १०० ग्रॅमचं आणि उबवण तीस दिवसांची, तर रोज अर्ध्या ग्रॅमला किंचित कमी.

इथे कोंबड्यांच्या हॅचरीत काम केलेली मंडळी ठरलेली चूक करतात: सवयीनं ट्रेमध्ये पाणी ओततात. जुलैत कोल्हापूरची हवाच पाण्यानं जड झालेली असते. त्यात ट्रे भरला की अंड्यातलं पाणी बाहेर पडत नाही, वजन उतरत नाही, आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत गुदमरतं. पावसाळ्यात पाण्याचा ट्रे कोरडा ठेवून खोलीतली दमट हवा सुकवण्याची सोय करा. ट्रेत पाणी घालायचं की नाही हे वजनकाटा सांगेल.

टप्पा ७: पिल्लं

आईबाप पिल्लांच्या चोचीत घास देत नाहीत. घरट्याच्या तळावर ओकतात आणि पिल्लं तिथून उचलतात. उन्हात पंख पसरून सावली धरतात, चोचीतून पाणी आणून अंगावर सोडतात. शक्य असेल तोवर हे त्यांनाच करू द्या. पिल्लं एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून सगळ्यात धाकटं मागे पडतं. तुमचा हस्तक्षेप त्या एकापुरता: रोज वजन पाहा, दोन दिवस वाढ नसेल तरच उचला.

हातानं वाढवायची वेळ आली तर सगळ्यात मोठा धोका उपासमारीचा नसून मायेचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत उपचाराला आलेलं चित्रबलाकाचं एक पिल्लू मी उघड्या हातानं वाढवलं. बोलत बोलत, कौतुकानं. सहा महिन्यांनी तो पक्षी तळ्यावर इतर चित्रबलाकांकडे ढुंकून बघेना. बादली घेतलेला कोणीही दिसला की मागे चालायला लागे, धुणं धुवायला आलेल्या बायकांच्याही. सोडता आला नाही, जोडीलाही लावता आला नाही. चूक सर्वस्वी माझी.

म्हणून पहिल्या दिवसापासून:

- पांढऱ्या किंवा राखी कापडाचा झगा, चेहरा झाकलेला, बोलायचं नाही.
- करकोच्याच्या डोक्याची हातबाहुली करून, तिच्या चोचीतून मासे ताटलीत टाकायचे. तोंडात कोंबायचे नाहीत.
- एकटं पिल्लू कधीही नको. दोन-तीन एकत्र, आणि जाळीपलीकडे मोठे पक्षी दिसतील असे.

खाणं: अख्खे छोटे मासे, काट्यांसकट. नुसते सोललेले तुकडे दिले तर चुना कमी पडून हाडं वाकतात. मोठी चिलापी पिल्लांना नको, पाठीवरचे काटे घशात अडकतात. बर्फातले मासे रोज देत असाल तर बी-१ जीवनसत्त्वाची भर घालावी लागते, नाहीतर मान वाकडी होऊन झटके येतात.

तपासा, पाय: ताट किंवा वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय आठवड्यात फाकतात. खाली काथ्याची चटई किंवा काड्या हव्यात. आणि भूक आहे म्हणून सारखं भरवू नका. वजन फार झपाट्यानं चढलं की लांब पायांची हाडं ते पेलत नाहीत. गुटगुटीत पिल्लू फोटोत छान दिसतं, पण त्याचे पाय वाकतात.

टप्पा ८: सोडणं

पिल्लू उडतं म्हणजे ते तयार झालं असं नाही. सोडायच्या जागेजवळच मोठा पिंजरा, त्यात चिखल आणि जिवंत मासे. आठवडाभर ताटलीशिवाय स्वतः पकडून पोट भरतंय आणि वजन टिकतंय, तर पुढे जा. तोवर माणूस दिसला की लांब पळणंही यायला हवं.

सोडायची वेळ टप्पा १ च्या नोंदवहीतून काढा. मासे सर्वांत जास्त उथळ पाण्यात असतात तो महिना निवडा, कुठल्या मंत्र्यांची तारीख मिळाली तो नव्हे. महापुराचे आठवडे टाळा. एकटा पक्षी सोडू नका, चार-पाच एकत्र. दार सकाळी उघडा आणि मागे सरा. हाकलू नका, हवेत उडवू नका. काही पक्षी दोन दिवस दारातच उभे राहतात.

पायातलं कडं पायाच्या खालच्या, उघड्या नळीवर घालू नका. उन्हात करकोचा स्वतःच्या पायावर विष्ठा सोडून अंग गार करतो. ती कड्यात साठून दगडासारखी होते आणि पाय कापते. कडं वरच्या भागात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर घाला.

काही आठवडे पिंजऱ्याजवळ खाणं ठेवा, पण दर आठवड्याला कमी करत बंद करा. स्वित्झर्लंडमधल्या आल्ट्रॉयला १९४८ पासून पांढऱ्या करकोच्यांची पैदास झाली. पक्षी वाढले, पण काही वर्षं कोंडून ठेवून मग सोडलेले बरेच पक्षी हिवाळ्यात स्थलांतर करीनासे झाले आणि खाणं मिळतंय म्हणून तिथेच राहिले. आपल्याकडचा मोह वेगळा: तळ्यावर फिरायला येणारी माणसं पाव आणि फरसाण टाकतात. फलक लावून भागत नाही, सकाळ-संध्याकाळ माणूस उभा करावा लागतो.

सोडण्याच्या आधीच्या महिन्यात त्या भागातल्या गावांत, पाणीपुरवठ्याच्या पाटकऱ्यांना, विटभट्टीवाल्यांना, बंधाऱ्यावर मासे धरणाऱ्यांना कड्याचा रंग आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक सांगून ठेवा. मेलेला पक्षी सापडला तरी फोन करा, हे मुद्दाम सांगा. लोकांना वाटतं मेलेला सांगितला तर चौकशी मागे लागेल, म्हणून ते तो गुपचूप पुरतात. तो कुठे आणि कशानं मेला, तारेला लागून की विषानं की उपाशी, हे कळलं तर पुढच्या चार-पाच पक्ष्यांसाठी नोंदवहीत काय बदलायचं ते समजतं.